घर थंड राखण्याचा वार्षिक खर्च : गोंदिया जिल्ह्यातील कवेलू, ताटी आणि वातानुकूलन यंत्र

प्रस्तावना

कोणत्याही साधनाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम त्याच्या आगमनाकडे जाते. ते साधन कोणी शोधले, केव्हा आले, त्याची किंमत काय होती, याची नोंद आवर्जून होते. ते साधन पुढे दहा-वीस वर्षे चालू राहावे म्हणून दरवर्षी कोणी किती हात लावले आणि किती पैसा, धान्य वा श्रम वेचले, हा भाग मात्र बहुधा नोंदीबाहेर राहतो. घरगुती शीतकरणाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. युरोपातील थंड देशांत सध्या घरे उबदार राखण्यासाठी उष्णतापंप बसविण्याचा आग्रह आहे आणि त्याच्या वार्षिक देखभालीस किती खर्च येतो, याची तेथे बरीच चर्चा होते. पूर्व विदर्भात प्रश्न उलट दिशेचा आहे. येथे घर तापवायचे नसून मार्च ते जून या काळात निववायचे असते. परंतु दरवर्षी परतणारा देखभालीचा प्रश्न येथेही तोच आहे, आणि तो यंत्राच्या आगमनापेक्षा पुष्कळ जुना आहे.

प्रस्तुत लेखात आजच्या गोंदिया जिल्ह्याच्या प्रदेशातील या वार्षिक खर्चाचा मागोवा घेतला आहे. दिनांक १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे त्यापूर्वीच्या काळासंबंधीचे विवेचन हे ओघानेच जुन्या भंडारा जिल्ह्यासंबंधीचे आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, घर थंड राखण्याचा वार्षिक भार या प्रदेशात कधीच नाहीसा झाला नाही. तो छपरावरून खिडकीत आणि खिडकीतून यंत्रात गेला. हे स्थलांतर होताना तो भार वाहणारी माणसे बदलली, तसेच त्याचा मोबदला देण्याची रीतही बदलली.

कवेलूंचे छप्पर व उन्हाळ्यातील कामे

वैनगंगा व बाघ या नद्यांच्या खोऱ्यातील हा प्रदेश धानाचा आणि तलावांचा. पावसाळा भरपूर असला तरी एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अशा हवेत येथील पारंपरिक घर हेच मुळात एक शीतकरणाचे साधन होते. मातीच्या जाड भिंती दिवसाची उष्णता आत पोहोचण्यास विलंब लावीत. अर्धगोल कवेलूंच्या एकमेकांवर बसविलेल्या थरांमधील फटींतून तापलेली हवा वर निघून जाई. कवेलू पातळ असल्याने ते दिवसा तापत हे खरे, पण सूर्यास्तानंतर तितक्याच लवकर निवतही. जेथे कवेलूंखाली बांबू व मातीचा माळा असे, तेथे दुपारचा दाह आणखी एका थराने अडविला जाई.

हे साधन फुकट चालत नसे. वानरांच्या उड्या, वादळ आणि वाळलेला पालापाचोळा यांमुळे कवेलू सरकत व फुटत. म्हणून मृगापूर्वी ते उतरवून, झाडून, फुटलेले वेगळे काढून पुन्हा रचावे लागत. या कामास विदर्भात कवेलू फेरणे असे म्हणतात. पश्चिम महाराष्ट्र व कोकणातील शाकारणीचेच हे पूर्वेकडील भावंड. हे काम पावसापासून बचावासाठी होते असे सामान्यतः मानले जाते. ते खरेच आहे. तथापि कवेलूंमधील कचरा निघाल्याने हवा खेळती राहते, आणि पुढच्या उन्हाळ्याची तयारीही त्यातच होऊन जाते, ही बाब दुर्लक्षित राहते. छपरावर वजन तोलून, मोडक्या मयालीचा अंदाज घेत वावरणे हे कसबाचे काम आहे, आणि कवेलू फेरताना पडून जीव गमावल्याच्या घटना आजही घडतात.

नवे कवेलू कुंभाराकडून येत. बांबू व लाकूड जंगलातून येई. भिंती पोतारणे, अंगण व ओसरी शेणाने सारवणे, अंगणात बांबू व डहाळ्यांचा मांडव घालणे ही कामे घरच्या माणसांची असत. त्यांतील पोतारण्या-सारवण्याचा भाग जवळजवळ संपूर्णपणे स्त्रियांकडे होता. ओल्या सारवणातील पाणी वाफ होऊन उडते तेव्हा जमीन निवते. पुढे ज्या तत्त्वावर कूलर चालू लागला, ते तत्त्व घरातील स्त्री रोज सकाळी हाताने राबवीत होती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या साऱ्या व्यवहारात रोख रकमेचा वाटा अल्प होता. मजुरी बहुतांशी धानात दिली जाई आणि जंगलातील सामग्री निस्तार हक्कातून मिळे. मध्य प्रांतातील मालगुजारी व्यवस्थेत गावाच्या जंगलातून सरपण, बांबू व घरबांधणीचे लाकूड घेण्याचे रयतेचे हक्क वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात नोंदविलेले असत. मालगुजार आणि रयत यांचे संबंध समतेचे होते असे येथे सुचवावयाचे नाही. वेठ आणि अडवणूक ही त्या व्यवस्थेची दुसरी बाजू होती. एवढे मात्र खरे की, घराच्या वार्षिक देखभालीस लागणारा कच्चा माल हा हक्काचा विषय होता.

मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी व तत्सम मालकी हक्क संपुष्टात आले आणि ३१ मार्च १९५१ पासून ती मालमत्ता शासनाकडे आली. त्या वेळी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. तो १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मालगुजारी जंगलांचे व्यवस्थापन शासकीय खात्याकडे गेल्यावर निस्ताराचे स्वरूप पालटले. बांबू व लाकूड हळूहळू परवाना, डेपो आणि दर यांच्या कक्षेत गेले. मालगुजारी निर्मूलनाच्या इतिहासात तलावांच्या दुरवस्थेची चर्चा पुष्कळ झाली आहे व ती यथार्थ आहे, कारण गाळ काढणे व पाळी दुरुस्त करणे ही सामूहिक कामे तेव्हापासून ढिली पडली. घरांच्या छपरांच्या बाबतीतही काहीसे तसेच घडले. परंतु छप्पर हे खासगी असल्याने त्या ढासळण्याचा कोणी हिशेब मांडला नाही.

ताटीचा प्रवास

ताटी हा शब्द मराठी वाचकास मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांमुळे परिचित आहे. बांबूच्या कामट्यांचा पडदा अथवा दार असा त्याचा मूळ अर्थ. पूर्व विदर्भात आज कोणत्याही विजेच्या दुकानात ‘ताट्या’ मागितल्या तर दुकानदार कूलरच्या तीन बाजूंना लावावयाच्या गवताच्या चौकटी पुढे करतो. या अर्थांतरात एका शतकाहून अधिक काळाचा इतिहास साठलेला आहे.

वाळ्याच्या मुळ्या कामट्यांच्या चौकटीत बसवून ती चौकट दारा-खिडकीत लावायची आणि तिच्यावर पाणी शिंपडत राहायचे, ही रीत उत्तर हिंदुस्थानात जुनी होती. इंग्रजी अंमलात ती कचेऱ्या, न्यायालये, बंगले व रेल्वेच्या इमारतींत सर्वत्र रूढ झाली. विदर्भात या चौकटींना खसताट्या म्हणतात. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वेमार्ग झाला, तो पुढे बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला, आणि गोंदिया हे जंक्शन म्हणून वाढू लागले. व्यापारी, अधिकारी व रेल्वे कर्मचारी यांच्या वस्तीबरोबर खसताटी, हाताने ओढावयाचा पंखा आणि पाणी शिंपडणारा हंगामी माणूस हे त्रिकूट अशा जंक्शनच्या गावांत दिसू लागले. प्रांताचे शासन उन्हाळ्यात पचमढीस जात असे. जे खाली राहत, त्यांच्यासाठी ताट्या होत्या. ज्यांच्या खांद्यावर पखाल होती, त्यांच्यासाठी सावली एवढीच सोय होती.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. शासकीय कार्यालयांत या खर्चास स्वतःचे नाव होते. आकस्मिक खर्चाच्या यादीत ‘उष्ण व शीत ऋतूंचा खर्च’ हे शीर्षक ब्रिटिश काळापासून चालत आले आणि स्वातंत्र्यानंतरही केंद्र शासनाच्या वित्तीय अधिकार प्रदानाच्या नियमांत ते टिकून राहिले. ताट्या बांधणे, त्यांवर पाणी मारण्यास हंगामी माणूस ठेवणे, हंगाम संपल्यावर त्या काढून टाकणे, हे सारे त्या शीर्षकाखाली येई. म्हणजे कचेरी थंड राखण्याचा खर्च दरवर्षी येतो, ही गोष्ट राज्यसंस्थेने मान्य केली होती. याच काळात कुडाच्या घरात सारवण करणाऱ्या बाईचे श्रम कोणत्याच शीर्षकाखाली येत नव्हते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रचलित गणनेतही घरच्यांसाठी केलेली अशी विनामोबदला कामे उत्पादनात धरली जात नाहीत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, तर असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. शीतकरणाच्या वार्षिक खर्चाचा कोणताही ताळेबंद या आकड्यांना वगळून पूर्ण होऊ शकत नाही.

कूलर : अर्धे यंत्र, अर्धे घरकाम

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत वीज जसजशी गावोगाव पोहोचली, तसतसा खसताटीस पंखा व पाण्याचा पंप जोडून कूलर तयार झाला. पत्र्याचा चौकोनी डबा, तळाशी टाकी, तीन बाजूंस ताट्या आणि चौथ्या बाजूस पंखा, अशी त्याची रचना. नागपूर व परिसरातील लहान कारखान्यांतून आणि गावोगावच्या पत्राकाम करणाऱ्यांकडून तो घडविला जाई. त्यामुळे त्याचा प्रत्येक सुटा भाग गावात मिळे व गावातच दुरुस्त होई. ताटीत वाळ्याऐवजी लाकडाच्या तलम कापांचे ‘गवत’ आले, कारण ते स्वस्त होते. वाळ्याचा सुगंध मात्र त्याबरोबर गेला.

कूलरचे कार्य समजून घेतल्यास त्याच्या देखभालीचे स्वरूपही उलगडते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. मोठा कूलर कोरड्या हवेत तासाला पाच ते दहा लिटर पाणी खर्च करतो. पाणी उडून जाते, पण त्यातील क्षार ताटीवरच राहतात. विंधनविहिरीचे पाणी जड असेल तर एका हंगामात ताटी कडक होते व तिच्यातून हवा नीट येईनाशी होते. म्हणून दरवर्षी ताट्या बदलणे हा चैनीचा भाग नसून त्या यंत्राच्या तत्त्वातूनच निघालेला खर्च आहे. टाकीचा पत्रा गंजतो, त्यास आतून डांबर किंवा रंग लावावा लागतो. पंप अडकतो. पंख्याच्या मोटारीचे बुश झिजते, कंडेन्सर जातो. मार्च महिन्यात घरोघरी माळ्यावरून किंवा परसातून कूलर उतरविण्याचा जो सोहळा चालतो, त्यात यांपैकी प्रत्येक गोष्ट तपासली जाते, निदान तपासली जावी अशी अपेक्षा असते. जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी होतो. त्या वेळी टाकी कोरडी करून, पुसून, झाकून ठेवणे हे खरे तर वर्षातील सर्वांत महत्त्वाचे काम. खरिपाच्या धांदलीत नेमके तेच राहून जाते, आणि पुढच्या मार्चमध्ये पत्र्यास भोक पडलेले आढळते.

या कामांतील रोख खर्च फार मोठा नाही. तो थोडाथोडा असतो, आणि म्हणूनच टाळला जातो. टाळल्याची किंमत मात्र दोन प्रकारे मोजावी लागते. साचलेल्या टाकीत डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास वाढतो. त्याची अंडी ते डास ही वाढ उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत पुरी होते. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळण्याचे जे आवाहन आरोग्य विभाग करतो, त्याचे हे कारण. दुसरी किंमत अधिक दारुण आहे. पत्रा, पाणी आणि वीज एकत्र असलेल्या या साधनास भूसंपर्क नसेल किंवा पंपाच्या तारेवरील आवरण झिजले असेल, तर टाकीत पाणी ओतणाऱ्यास धक्का बसतो. विदर्भात कूलरच्या धक्क्याने दर उन्हाळ्यात मृत्यू होतात. २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेली महावितरण कंपनी उन्हाळा येताच भूसंपर्क तपासा, प्रवाह बंद करूनच पाणी भरा, अशा सूचना देते. पाणी भरण्याचे काम घरात बहुधा स्त्रियांकडे व मुलांकडे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे न केलेल्या देखभालीचा भार कोणावर पडतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

कूलरचा प्रसार आणि घरांच्या बांधणीतील बदल या दोन घटना समांतर घडल्या. १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना आणि २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली. ‘पक्के घर’ या संकल्पनेत सिमेंटचे अथवा टिनाचे छप्पर अध्याहृत होते. गरिबास पक्के घर मिळाले हे स्वागतार्हच होय. वानरांनी मोडावे असे त्यावर काही उरले नाही, आणि कवेलू फेरण्याचा वार्षिक खर्च बंद झाला. परंतु सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री ती खोलीत सोडतो. टिनाचे छप्पर तर दुपारी असह्य होते. ज्या कुटुंबाने मे महिन्यात छपरावर मजूर चढविणे सोडले, त्यास मार्च महिन्यात कूलरच्या ताट्या घेणे भाग पडले. योजनेचे सहाय्य बांधकामासाठी होते. घर वर्षानुवर्षे राहण्याजोगे थंड ठेवण्यास काय लागेल, याचा विचार त्या योजनांत नव्हता. इंदिरा आवास योजनेनंतरच्या पहिल्या पंचवीस वर्षांत ग्रामीण विदर्भाने दीर्घ भारनियमनही अनुभवले. कवेलूंचे छप्पर भारनियमनात बंद पडत नसे, ही गोष्ट त्या पिढीतील वृद्धांच्या बोलण्यात वारंवार येते. पुढे २०१२ ते २०१४ या काळात जिल्ह्यातील तिरोडा येथे ३,३०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र टप्प्याटप्प्याने सुरू झाले.

वातानुकूलन यंत्र व उष्णतापंप

वातानुकूलन यंत्र हे तत्त्वतः उष्णतापंपच होय. खोलीतील उष्णता उचलून ते बाहेर टाकते. तेच चक्र उलटे फिरविले तर बाहेरची उष्णता आत आणता येते. अशा यंत्राने घर तापविता येईल हा विचार लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये मांडला. ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी मिठाच्या उत्पादनासाठी १८५० च्या दशकात पहिला उष्णतापंप चालविला. शीतकरणाच्या दिशेने आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ विलिस कॅरियर यांच्या १९०२ मधील कामापासून मानला जातो. अमेरिकेत ते यंत्र एका छापखान्यातील दमटपणा आवरण्यासाठी योजले होते, घरासाठी नव्हे, ही गोष्ट बोधप्रद आहे.

गोंदियासारख्या जिल्ह्यात घरगुती वातानुकूलन यंत्र दीर्घकाळ दुर्मिळ होते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत, विशेषतः नोकरदार व व्यापारी वर्गात, ते दिसू लागले. याच सुमारास शासकीय नियमनही वाढले. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकन पद्धती २००६ मध्ये आली व खोलीच्या वातानुकूलन यंत्रांस ती २०१० पासून बंधनकारक झाली. तारांकनामुळे ग्राहकास वर्षाकाठी लागणाऱ्या विजेचा अंदाज यंत्रावरच छापलेला मिळतो. वार्षिक देखभालीचा अंदाज मात्र त्यावर नसतो. वास्तविक धुळीने भरलेली जाळी व मळलेले नळीगुच्छ यांमुळे छापील कार्यक्षमता काही महिन्यांतच घटू लागते. गोंदियातील धानगिरण्यांच्या परिसरात भुसा आणि राख यांचे सूक्ष्म कण हवेत असतात, तेथे हे अधिक लवकर घडते.

या यंत्रास वर्षाला करावयाचे काम मोजकेच आहे. आतील जाळ्या दर पंधरवड्यास घरच्या घरी धुवाव्यात. हंगामापूर्वी व हंगामानंतर एकेकदा आतील व बाहेरील नळीगुच्छ जाणकाराकडून पाण्याच्या दाबाने स्वच्छ करून घ्यावेत. निचऱ्याची नळी मोकळी आहे, विजेचे जोड घट्ट आहेत, हे पाहावे. येथे एका रूढ समजाचा परामर्श घेणे आवश्यक आहे. ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ असे पुष्कळ सुशिक्षित घरांतही मानले जाते. हा समज निराधार आहे. यंत्रातील वायू बंदिस्त चक्रात फिरतो, तो पाण्याप्रमाणे उडून जात नाही वा ताटीप्रमाणे झिजत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे आणि ती बुजविल्याशिवाय पुन्हा वायू भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे होय. प्रस्तुत लेखकाच्या मते या समजाचे मूळ कूलरमध्ये आहे. दरवर्षी काहीतरी नवे घातल्याखेरीज थंडावा मिळत नाही, ही ताट्यांच्या पिढीची शिकवण नव्या यंत्रास जशीच्या तशी लागू केली गेली, आणि काही दुरुस्तीकारांनी तिचा लाभ घेतला. एका वेळच्या स्वच्छतेस साधारणतः काही शे रुपये लागतात, वायू भरण्यास त्याच्या कित्येक पट. त्यामुळे अज्ञानाची किंमत येथे अगदी रुपयांत सांगता येते.

उदाहरणादाखल एक ठोकताळा मांडता येईल. दीड टनाचे यंत्र सरासरीने तासाला १ युनिट वीज घेते व ९० दिवस रोज ८ तास चालते असे धरल्यास ७२० युनिट होतात. प्रति युनिट ८ रुपये दराने ते ५,७६० रुपये होतील. दोन वेळच्या स्वच्छतेचे प्रत्येकी ६०० रुपये धरले तर १,२०० रुपये. म्हणजे देखभाल ही विजेच्या खर्चाच्या साधारण एक-पंचमांश. दोनशे वॅटचा कूलर ९० दिवस रोज १२ तास चालविला तर २१६ युनिट, म्हणजे १,७२८ रुपये होतात. त्याच्या ताट्या, पंप, डांबर यांवर कोठे चारशे, कोठे हजार रुपये लागतील. प्रमाण पाहिले तर स्वस्त साधनाची देखभाल महागड्या साधनाच्या देखभालीपेक्षा मालकास जड जाऊ शकते. शिवाय रोजचे पाणी भरण्याचे श्रम या ठोकताळ्यात धरलेलेच नाहीत.

दुसरा फरक कसबाच्या ठिकाणाचा आहे. कवेलू फेरणारा गावातला होता. कूलर दुरुस्त करणारा बाजारपेठेतला होता. वातानुकूलन यंत्राचा तंत्रज्ञ बहुधा तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतो, आणि कंपनीचा अधिकृत सुटा भाग नागपूरहून यावा लागतो. वायूही बदलत गेले. मॉन्ट्रियल करारानुसार (१९८७) जुना आर-२२ वायू मागे पडत असून नव्या यंत्रांत आर-३२ सर्रास वापरला जातो. तो काही प्रमाणात ज्वलनशील असल्याने अप्रशिक्षित हातांनी जोडकाम करणे धोक्याचे आहे. म्हणजे जी देखभाल एकेकाळी मालक स्वतः करी किंवा डोळ्यांदेखत करून घेई, ती आता त्याच्या ज्ञानकक्षेबाहेर गेली आहे, आणि तिच्या चांगल्या-वाईटाची पारख करण्याचे साधनही त्याच्यापाशी उरलेले नाही.

खरेदीची नोंद, राखण्याचे मौन

हा प्रश्न केवळ घरांपुरता नाही. महाविद्यालयांच्या जडसंग्रह नोंदवहीत कूलरची वा वातानुकूलन यंत्राची खरेदी-तारीख, किंमत व शेवटी निर्लेखनाचा ठराव आढळतो. मधल्या वर्षांत त्याच्या ताट्या किती वेळा बदलल्या, हे शोधावयाचे तर किरकोळ खर्चाच्या पावत्यांची बाडे उलगडावी लागतात. अनुदानाच्या व्यवस्थेतही अनावर्ती खर्चास मंजुरी मिळणे जितके सुलभ, तितके आवर्ती खर्चास नाही. संगणक कक्षातील यंत्र बंद पडलेले आणि त्याखाली पंखा फिरत असलेला, हे दृश्य प्राध्यापकवर्गास अपरिचित नसावे. याबाबतीत आपण एकटे नाही. इंग्लंड व वेल्समध्ये २०२२ पासून घरगुती उष्णतापंप बसविण्यास शासन अनुदान देते, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ७,५०० पौंड करण्यात आले. ते बसविण्यासाठी आहे. दरवर्षीची तपासणी घरमालकाने आपल्या खिशातून करावयाची असते. भारतातही सप्टेंबर २०२५ मध्ये वातानुकूलन यंत्रांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे खरेदी सुकर झाली. देखभालीच्या सेवेवरील १८ टक्के कर होता तेथेच राहिला. यंत्र हप्त्यांनी घेता येते. त्याची स्वच्छता व कूलरच्या ताट्या यांना रोख पैसे लागतात.

आणि रोख पैशास या जिल्ह्यात ऋतू आहे. खरिपाचे धान दिवाळीनंतर विकले जाते. मार्चपर्यंत त्या पैशाचा बराचसा भाग कर्जफेडीत, लग्नकार्यात व शिक्षणात गेलेला असतो. ज्यांच्यापाशी उन्हाळी धानास पाणी आहे, त्यांचे पीक हाती येण्यास मे-जून उजाडतो. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या वनव्याप्त तालुक्यांत मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले मिळतात, पण तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात येतो व त्याची मजुरी त्यानंतर हाती पडते. कवेलू फेरण्याचे काम मे महिन्याच्या अखेरीस असे आणि त्याचा मोबदला धानात देता येई. कूलरच्या ताट्या मात्र होळीच्या सुमारासच घ्याव्या लागतात. त्यामुळे तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडे मोजून दुपारी घरी परतणारी मजूर स्त्री ज्या कूलरसमोर बसते, त्याच्या ताट्या गेल्या वर्षीच्याच असतात.